एकवीस सह्यांचं घर आणि ड्रोनचा व्हिडिओ

पाचपैकी अडीच तारे. त्यांतला दीड फोटो काढणाऱ्या पोराचा, एक त्यांच्या वकीलबाईंचा. आमचं घर विकून द्यायला घेतलेल्या खुद्द कंपनीच्या वाट्याला काही उरत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण करारात काय काय आहे ते मी आता नीट वाचलंय. सही करण्याआधी वाचलं नव्हतं, हेही कबूल करते. एरवी दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासायचा पगार घेते मी.

घर गोव्यात, नार्व्याला, डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराच्या देवळापासून चालत आठ-दहा मिनिटं. चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, मधे राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, भोवती पडवी, पुढे सोपा आणि त्याला दोन्ही बाजूंनी बसायचे कट्टे. पणजोबांनी बांधलं, आजोबांनी वाढवलं, बाबांनी जमेल तिथे पत्रे घालून टिकवलं. बाबा गेल्यापासून बंद आहे. धाकटे काका साखळीहून दर सोमवारी येऊन देवाला दिवा लावतात, तेवढाच त्याला माणसाचा वास. किल्ली माझ्याकडे, कारण डिचोलीत राहणारी मी एकटी. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. घर शाकारायचे पैसे दर मे महिन्यात कोण पाठवतो आणि कोण नुसतेच व्हॉट्सअॅपवर हात जोडतो, याची वही ठेवली आहे.

गेल्या दिवाळीनंतर ठरलं की विकूया. दुरुस्ती परवडत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बंद घराला दोन पावसाळे म्हणजे राहत्या घराची दहा वर्षं. भावाने पुण्याहून ही कंपनी शोधली. पणजीला काचेचं ऑफिस, दारात दोन कुंड्या, आत गेल्यावर कोकमचं सरबत. आणि मग त्यांनी भाव सांगितला.

सव्वादोन कोटी.

माझ्या डोक्यात ऐंशी-नव्वद लाख होते, तेसुद्धा भीतभीत. त्या साहेबांनी टॅबवर आसगाव आणि मोयराची घरं दाखवली, म्हणाले, हेरिटेजला मागणी आहे, तुम्ही स्वतःला कमी लेखताय. सव्वादोन कोटी ऐकल्यावर कोणाला खरं-खोटं करावंसं वाटतं? आम्ही तिघांनी, म्हणजे काका, भाऊ आणि मी, सहा महिन्यांच्या करारावर सह्या केल्या. या सहा महिन्यांत दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही, विक्री झाली की दोन टक्के, आणि जाहिरातीच्या पॅकेजचे ३५ हजार आगाऊ. आता कळतं की तो घराचा भाव नव्हताच. आम्ही सही करावी म्हणून लावलेलं ते आमिष होतं. शेजारच्या दलालाने नव्वद लाख सांगितले असते तर आम्ही त्याच्याकडे वळूनही बघितलं नसतं, हे त्या साहेबांना बरोबर ठाऊक होतं.

फोटोंबद्दल मात्र तक्रार नाही. तो पोरगा सकाळी सहाला आला, फेरीबोटीतून, खांद्यावर तीन पिशव्या. ऊन राजांगणात उतरेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिला. तुळशीवृंदावनाच्या चिऱ्यांमध्ये उगवलेलं गवत त्याने स्वतः उपटलं. माजघरातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या त्याने शर्टाच्या बाहीने पुसल्या, तेव्हा त्यांवर कोरलेले पोपट मला चाळीस वर्षांनी दिसले. लहानपणी आम्ही त्यांच्या चोचीत गुंजा अडकवायचो. ड्रोन वर गेला तेव्हा काका आभाळाकडे बघून म्हणाले, ‘गिधाड परत आयलें गो.’ पण व्हिडिओ बघून त्यांचेही डोळे भरले. मांडवी, पलीकडे दिवाड बेट, मधे फेरी, आणि माडांत आमचं कौलारू चौकोनी भोक पडलेलं छप्पर. असा व्हिडिओ आमच्या कोणाच्या लग्नाचा नाही.

त्याखाली कंपनीने जे लिहिलं तिथून घसरगुंडी सुरू झाली. ‘पोर्तुगीज व्हिला.’ अहो, डिचोली पोर्तुगिजांच्या हातात गेली तीच अठराव्या शतकाच्या शेवटी, नव्या काबिजादीत, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखात. आमचं घर चौकाचं, हिंदू घर. त्याला ना बाल्कांव, म्हणजे दारापुढचा पोर्तुगीज धाटणीचा ओटा, ना शिंपल्यांच्या खिडक्या, ना दिवाणखान्यात झुंबर. बाहेरून ते जवळजवळ पाठ फिरवून बसलेलं आहे, जे काही आहे ते आत, राजांगणाभोवती. पोर्तुगीज व्हिला शोधणारा माणूस ते बघून हिरमुसणारच, आणि असं घर शोधणारा कोणी असलाच तर तो व्हिलाच्या जाहिरातीवर बोट ठेवणार नाही. ज्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला, ते दहा मिनिटांवर आहे, २०२३ मध्ये त्याचं काम नव्याने होऊन लोक लांबून बघायला येतात. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. ‘समुद्रकिनारा जवळ’ मात्र होतं.

आणि ‘पणजी ३० मिनिटे’. हो, नार्व्याची फेरी तुमच्यासाठी उभी असली, दिवाड ओलांडून पलीकडे जुने गोव्याची फेरीही तुमच्यासाठीच उभी असली आणि दोन्हींवर गाडीला जागा मिळाली तर, कदाचित. रस्त्याने डिचोलीवरून या, तास धरा.

माझ्या वहीप्रमाणे सहा महिन्यांत ६३ फोन, ९ जण प्रत्यक्ष आले, दुसऱ्यांदा आला एक.

दिल्लीचं जोडपं पहिलं. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबवावी लागली, कारण पुढची ऐंशी-नव्वद पावलं ही पायवाट आहे, तीही दुसऱ्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, दोन्हीकडे दगडी गडगा. आम्हाला ती वाट जन्मापासून आहे म्हणून वाट वाटते. विकत घेणाऱ्याला ती दिसते तेव्हा पहिला प्रश्न, गाडी आत कशी येणार? दुसरा, ही वाट कागदावर आहे का? नाही. कधी कोणी अडवली नाही, म्हणून कधी लिहिली नाही. मला तिथेच कळलं की पन्नास टक्के गिऱ्हाईक घर बघायच्या आधीच परत जातं. कंपनीच्या फोटोंत ही वाट कुठेच नव्हती. असती तर निदान लोकांची फेरी वाचली असती.

बाई आत आल्या, हिंडल्या, राजांगणात उभ्या राहून वर बघितलं. आवडलं त्यांना, खोटं नाही. मग न्हाणी विचारली. न्हाणी मागे, घरापासून चार पावलं सुटी, कोपऱ्यात पाणी तापवायचं तांब्याचं भाण, चुलीत बसवलेलं, बुडाशी पन्नास वर्षांची काजळी. त्या भाणाशी बाईंनी दहा मिनिटं घालवली. बोट फिरवून काजळी काढली, खालचा लालसर तांबडा रंग बघितला, नवऱ्याला हाक मारली. आठवड्याने कंपनीचा निरोप आला, घर नको, पण भाण आणि झोपाळा देणार का, भाणाचे १५ हजार देतात. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

मग बंगळूरचा एकजण, होमस्टे करायचा होता. त्याच्याबरोबर आलेल्या कंत्राटदाराने पडवीतल्या खांबाला गाडीची किल्ली टोचली. खांब फणसाचा, बाहेरून तुळतुळीत, आजीच्या पाठीने घासून काळा झालेला. किल्ली कडीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर भोकातून पिठासारखं काहीतरी सांडलं आणि मागोमाग दोन पांढऱ्या वाळव्या, उजेडाने गोंधळलेल्या. कोणी काही बोललं नाही. मी खाली बसून ते पीठ हाताने गोळा करू लागले, का ते विचारू नका. छपराचं आढं आणि अर्धे वासे बदलायला लागतील, कौलं उतरवून परत चढवायची, आणि असं काम करणारे सुतार आता शोधावे लागतात, हे त्या कंत्राटदाराने अर्ध्या तासात सांगितलं. कंपनीने आमच्या घरात अशी किल्ली एकदाही टोचली नव्हती. ते सगळे वर, ड्रोनने बघत होते.

आमच्या डिचोलीतले लोक का घेत नाहीत, हे कंपनीला शेवटपर्यंत कळलं नाही. साधं आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या तालुक्यात ज्याच्या हातात रोख पैसा असायचा तो ट्रकवाला, बार्जवाला, मशीनवाला होता. एक जुना ओळखीचा ट्रकवाला आला होता आईला घेऊन. त्याला जागा हवी होती, घर पाडून स्लॅबचं बांधायला. आईने उंबऱ्यातूनच विचारलं, ‘राखणदाराक कितें दितात तुमी?’ राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. मी म्हटलं, वर्षाला रोटाचा नैवेद्य. त्या म्हणाल्या, तुमचा राखणदार तुमचं ऐकतो, आमचं ऐकेल कशावरून? आणि चपला न काढताच परत फिरल्या. हसू नका. शिवाय त्याला बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेचा वकील आमचे कागद बघून काय म्हणाला असता ते आता मला ठाऊक आहे.

कारण चौथ्या महिन्यात, मी रोज फोन करून भंडावून सोडल्यावर, कंपनीने आमची फाइल त्यांच्या वकीलबाईंकडे दिली. फोंड्याच्या बाई, पन्नाशीच्या, पोर्तुगीज वाचता येणाऱ्या. त्यांनी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले सगळे कागद मागून घेतले, मातृजचे, दिस्क्रिसांवचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या घर-जमिनीच्या नोंदींचे, कसर लागलेले. पंधरा दिवसांनी एक पान हातात दिलं. ३५ हजारांतले जे काही वसूल झाले ते त्या पानात झाले.

एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. आमच्याकडे मुलीला मुलाइतकाच वाटा, १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून, आणि आता राज्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यातही तेच. वर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे वारस सही करतो तिथे त्याच्या जोडीदारानेही सही करायची. बाईंनी बोटांवर मोजलं. आमची फांदी, आई, भाऊ-वहिनी, मी आणि आमचे हे, पाच. मधले काका-काकू दोघेही गेले, तीन मुलं जोडीदारांसह सहा. धाकटे काका-काकू, दोन. थोरली आत्या आणि तिचे यजमान नाहीत, मुलगा-सून आणि बिनलग्नाची मुलगी, तीन. धाकटी आत्या आहे, यजमान नाहीत, ती, दोन मुलगे, दोन सुना, पाच.

एकवीस. गणपतीला एकवीस दुर्वा, आमच्या घराला एकवीस सह्या. आणि कंपनीने करार केला होता तिघांच्या सहीवर, बाकीच्या अठरांबद्दल एक शब्द न विचारता.

त्या एकवीसांतला एक मस्कतला, त्याची पॉवर ऑफ अॅटर्नी तिथल्या वकिलातीतून यायला हवी. एक चुलत वहिनी नवऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या घराच्या कागदालाही हात लावत नाही. सगळ्यांनी एकमताने सह्या दिल्या तर विक्रीखत होईल. नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, घालायची, वाटे पाडायचे, आणि एकच घर असल्यामुळे वारसांनी आपापसांत बोली लावायची. ही बोली भावाभावांत काय करून ठेवते ते आम्ही शेजारच्या वाड्यावर बघितलं आहे.

पानावर पुढे होतं, मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणारा. आमच्या जागेच्या खालच्या कोपऱ्यात एक कुटुंब राहतं, त्यांच्या आजीने आमच्या आईची बाळंतपणं केली. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ मध्ये त्यांच्या घराची नोंद आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना तिथून उठवता येत नाही, आणि खेड्यात घराभोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा ते विकत घेऊ शकतात. कंपनीच्या पोराने एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगितलं, ‘उनको शिफ्ट कर देंगे.’ त्या घरातली म्हातारी तेव्हा बांयीवर पाणी काढत होती, तिला हिंदी कळतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तिने चहा दिला, काही बोलली नाही. माझ्या अडीच ताऱ्यांतून इथे अजून एक कापायला हवा होता.

आणि शेत. जाहिरातीत ‘सुमारे ३,५०० चौरस मीटर’ लिहिलं होतं, त्यातलं दोन हजारांवर भाताचं शेत. २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकऱ्यालाच विकता येते. म्हणजे दिल्लीवाल्यांनी होकार दिला असता तरी शेत त्यांना मिळालंच नसतं. उरलेल्या जागेतही प्रादेशिक आराखड्यात घराखालचा तुकडा सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, मागचा माडांचा भाग ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीचा. हे सगळं सरकारी नकाशावर कोणालाही दिसतं. चौकशी करणारे वकील पहिल्या दिवशी ते बघतात. आमची कंपनी चौथ्या महिन्यात बघते.

वकीलबाई पान देताना म्हणाल्या, ‘घर वाईट नाही हो. पण ते अजून विकायला कुठे काढलंय तुम्ही? नुसतं दाखवायला काढलंय.’ मी भावाला फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, सव्वादोनचे दीड करूया का?

त्याच महिन्यात कंपनीने तसंही भाव उतरवायचा सल्ला द्यायला सुरुवात केली होती. आधी एक नव्वद, मग दीड, मग ‘ओपन टू ऑफर्स’. पोर्टलवर भाव उतरताना दिसला की लोक समजतात, यात काहीतरी पाणी मुरतंय. फोन बंदच झाले. नव्वद लाखांवर पहिल्या दिवशी ठेवलं असतं आणि कागद तयार असते, तर तो बंगळूरचा माणूस वाळवीसकट विचार करत होता असं मला अजून वाटतं. दुसऱ्यांदा आला होता तो तोच. सह्यांचं ऐकून गेला.

आता एक गोष्ट, जी कंपनीच्या माथी मारता येणार नाही. आमची स्वतःची. काकांची अट होती की घर कोणीही घेतलं तरी चतुर्थीला दीड दिवस देवखोली आम्हाला उघडून द्यायची. आमचं ते व्हडलें, म्हणजे मूळ घर, बावीस-पंचवीस पानं एकाच पंगतीला पडतात, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे वासे माळ्यावर नीट बांधून ठेवलेले आहेत. मी म्हटलं, काका, दोन कोटी देणारा माणूस आपल्या घरात दरवर्षी पंचवीस माणसं घेईल का? काका म्हणाले, ‘बाये, घर विकपाक सोंपें. देव खंय व्हरतले?’ देव कुठे नेणार? ही अट ऐकून एक बाई खरोखर म्हणाल्या होत्या, किती छान, आम्हालाही बोलवाल ना? पण त्यांना घर भाड्याने हवं होतं, अकरा महिन्यांसाठी.

तर कोणाला सेवा घ्यायचीच असेल तर त्या फोटोवाल्या पोराला वेगळं बोलवा, तो देतो काम करून. वकीलबाईंकडे आधी जा, ट्रंक घेऊन. वाटेचा, मुंडकाराचा, शेताचा प्रश्न विचारणारा दलाल भेटला, आणि भाव ऐकून तुमचं तोंड वाकडं झालं, तर त्याच्याकडे पुन्हा एकदा जा. काचेच्या ऑफिसातलं कोकमचं सरबत चांगलं असतं, ते पिऊन यायला हरकत नाही.

आमचा करार एप्रिलमध्ये संपला. वाढवला नाही. सध्या मी एकवीस जणांची यादी करून एकेकाकडे रविवारी जाते, बरोबर घरच्या पोह्यांचा डबा. नऊ जणांनी हो म्हटलंय. न बोलणारी वहिनी म्हणाली, बघू.

जाहिरात मात्र कंपनीने अजून काढलेली नाही. दोनदा ईमेल केला, एकदा पणजीला जाऊन आले. ‘सिस्टममधून जाईल’ म्हणतात. संपर्काला काकांचा नंबर आहे. परवा सोमवारी आम्ही दोघं दिवा लावून कट्ट्यावर बसलो होतो तर त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर टाकायची काकांना सवय आहे. गुरुग्रामहून एक साहेब, अगदी अदबीने बोलत होते. व्हिडिओ बहुत अच्छा लगा, लोकेशन अच्छी है, बस एक बात बताइए अंकल, पूल है क्या?

काकांनी नदीकडे बघितलं, आणि तितक्याच अदबीने सांगितलं, ‘पूल ना बाबा. फेरीबोट आसा.’